आजाऱ्याला अळणी : रस्सा त्याला, मग तुकडे कुणाला?

भोगावती | ११ जुलै, रात्री १०:२०

आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला आज बत्तीस दिवस झाले. वय एकाहत्तर. न्हाणीत पाय घसरला, एवढंच निमित्त. ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, पण आई काही उभारी धरेना. वॉकर धरून चार पावलं टाकली की पाय लटलटतात. वजन बावन्नवरून सत्तेचाळीसवर आलं आहे.

आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, आता पुण्यात. आमच्याकडे कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झालं, की अळणी होणारच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अळणी म्हणजे बिनमिठाचं नव्हे, बिनतिखटाचं. थोड्या तेलावर कांदा, आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ घालून मटण परतायचं आणि पातेल्यावर पाणी भरलेलं ताट झाकायचं. आत मटणाला स्वतःचं पाणी सुटतं, वर ताटातलं पाणी कढत होतं. मग तेच कढत पाणी मटणात ओतायचं. गार पाणी घातलं तर मटण दडदडीत राहतं, असं आजी म्हणायची. मटण शिजलं की वरचं पिवळसर पाणी ते अळणी. पांढरा रस्सा नि तांबडा रस्सा दोन्ही यातूनच निघतात, पण नारळाचं दूध आणि चटणी पडण्याआधी पोरांची आणि आजाऱ्याची वाटी बाजूला काढलेली असते.

तर मोठी काकू आईसाठी म्हणून गावाहून आली आणि दिवसाआड अळणी सुरू झालं. मोठा पेला भरून, वर दोन मिरे कुटून. आई आवडीनं प्यायची. आम्हाला वाटत होतं, आता आणखी काय करायला हवं!

परवा फिजिओथेरपीवाल्या मुलीनं विचारलं, "आजी काय जेवतात?" मी सांगितलं, दिवसाआड मटण. तिनं पुन्हा विचारलं, "मटण की मटणाचं पाणी?" मला उत्तर देता येईना. पाणी आई पीत होती आणि तुकडे आम्ही खात होतो. "तिला चावायचं नाही," म्हणून काकू रस्सा गाळून द्यायची आणि उरलेल्या मटणाचं संध्याकाळी सुकं व्हायचं. महिनाभर मी आईच्या नावानं मटण आणलं आणि ते माझ्या ताटात वाढून घेतलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला खरंच जाणून घ्यायचं आहे. रश्श्यात नेमकं काय उतरतं आणि काय तुकड्यात राहतं? तुमच्या घरी आजाऱ्याला कसं देतात?

कढीलिंब | ११ जुलै, रात्री १०:४१

ताई, मनाला लावून घेऊ नका. आमच्याकडेही हीच रीत आहे. माझ्या बाळंतपणात मला गाळलेलं पाया सूप आणि बाकी सगळ्यांना नळीचे तुकडे. कुणाच्या मनात वाईट नसतं. धागा वाचते आहे.

तेरेखोल | ११ जुलै, रात्री ११:१५

आमच्याकडे सिंधुदुर्गात आजाऱ्यासाठी गावठी कोंबडी. ब्रॉयलरला ती चव नाही आणि आई तर त्याला हातही लावत नसे. आलं, मिरी, दोन लवंगा, हळद. वाटप नाही, खोबरं नाही. मंद जाळावर दीड-दोन तास. गावठी कोंबडी शिजायला तेवढा वेळ घेतेच. ताप उतरल्यावर तोंड कडू झालेलं असतं, पेजेचा वास नको होतो, तेव्हा हा कढत रस पहिल्यांदा घशाखाली उतरायचा. आई म्हणायची, "कडत कडत घे, नाक मोकळां होतलां." आणि व्हायचंच.

त्याच्याही आधीची पायरी मुडदुशीची. हलका मासा, काटे कमी, हळद-मिठात नुसता उकडून मऊ भाताबरोबर. बांगडा-पेडवे मात्र आजाऱ्याला वर्ज्य.

निर्गुडी | १२ जुलै, सकाळी ७:०५

मी वैद्य आहे, सातारा जिल्ह्यात वीस वर्षं व्यवसाय करतो.

आयुर्वेदात याला मांसरस म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सत्ताविसाव्या, अन्नपानविधी अध्यायात तो कुणाला द्यावा ते स्पष्ट आहे: जो सुकत चालला आहे, जो व्याधीतून नुकताच सुटला आहे, जो कृश आहे, त्याला मांसरस अमृतासारखा. यातला 'व्याधीतून सुटलेला' हा शब्द फार मोलाचा आहे. आजार अंगात असताना नव्हे, तो ओसरल्यावर.

पंचकर्मानंतर आहार कसा वाढवायचा याचा क्रम ठरलेला आहे, त्याला संसर्जन क्रम म्हणतात. आधी पेया, म्हणजे पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे मऊ गिचका भात. मग यूष, म्हणजे मुगाचं कढण, आधी बिनफोडणीचं आणि नंतर तूप, सुंठ, मीठ घालून. सगळ्यांत शेवटी मांसरस. शुद्धी मोठी असेल तर प्रत्येक पायरीला तीन जेवणं, अशी बारा जेवणं. म्हणजे ज्याला आपण 'हलकं काहीतरी' म्हणून पहिल्याच दिवशी पाजतो, ते ग्रंथाच्या हिशोबानं शेवटच्या पायरीचं अन्न आहे. ताप चढलेला असताना, पोट बिघडलेलं असताना घरची मंडळी पायाचं सूप पाजतात आणि रोगी ओकतो, हे मी दर पावसाळ्यात बघतो.

आणि बोकडाच्या मांसाबद्दल चरकांनी म्हटलं आहे की ते फार थंड नाही, फार जड नाही, फार स्निग्ध नाही आणि माणसाच्या शरीरधातूंना जवळचं आहे. तुमच्या काकूंची निवड चुकलेली नाही.

भोगावती | १२ जुलै, सकाळी ८:३०

वैद्यबुवा, मनापासून आभार. पण मांसरस म्हणजे गाळलेलं पाणी की मांसासकट?

निर्गुडी | १२ जुलै, सकाळी ९:१२

दोन्ही प्रकार आहेत. पातळ, गाळलेला असतो, तसा दाटही असतो. मांस शिजवून, हाडं काढून, ते कुटून गूळ, तूप, मिरी घालून पुन्हा शिजवायचं, असाही प्रकार आहे; त्याला वेसवार म्हणतात आणि तो गुरू, म्हणजे पचायला जड, आणि बलकर सांगितला आहे. अग्नी, म्हणजे पचनशक्ती, बघून पातळाकडून दाटाकडे जायचं. महिनाभर पहिल्याच पायरीवर थांबायचं नाही.

मावळी | १२ जुलै, सकाळी ११:४७

आमच्याकडं मावळात खेकड्याचं. पाऊस लागला की ओढ्याला काळ्या पाठीची खेकडी मिळत्यात. नांग्या बाजूला काढायच्या, बारीक पाय पाट्यावर वाटायचे, पाण्यात कालवून फडक्यातनं गाळायचे, आणि तो रस लसूण-मिरी घालून उकळायचा. छाती भरली, सर्दीनं डोकं जड झालं की म्हातारी हेच द्यायची. एका वाटीला घाम सुटतो. भात लावून आली असली तर ती स्वतःसाठी पण करायची.

मापात_खा | १२ जुलै, दुपारी २:२०

मी आहारतज्ज्ञ आहे, शस्त्रक्रियेनंतरचे रुग्ण रोज बघते. धागाकर्तीनं विचारलेला प्रश्न रुग्णाच्या घरातलं कुणी स्वतःहून विचारत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मटण पाण्यात शिजवलं की पाण्यात काय उतरतं? मीठ, पोटॅशियमसारखे क्षार, चवीचे घटक, थोडी चरबी आणि हाडं-कुर्च्या जास्त वेळ शिजल्या तर जिलेटिन. पाया सूप फ्रीजमध्ये ठेवलं की थरथरणारा घट्ट थर होतो, तो जिलेटिनचाच. स्नायूंमधलं खरं प्रथिन मात्र उष्णतेनं आवळतं आणि तुकड्यातच राहतं. वाटीभर घरगुती रश्श्यात जेमतेम दोन-चार ग्रॅम प्रथिनं सापडतात, दाटपणावर थोडं कमीजास्त. शिजलेल्या शंभर ग्रॅम मटणात पंचवीसच्या आसपास. एका अंड्यात सहा.

आता गरज बघा. आजारातून उठणाऱ्या वयस्कर माणसाला दर किलो वजनामागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं हवीत. सत्तेचाळीस किलोच्या आईंना साधारण साठ ते सत्तर ग्रॅम. ती रश्श्यातून भागवायची तर कमीत कमी पंधरा-वीस वाट्या प्याव्या लागतील. पोट पाण्यानंच भरेल आणि जेवण आणखी कमी होईल. आईंचे पाय लटलटतात ते हाडामुळे नाही. अंथरुणावर पडून मांडीचा स्नायू झडला आहे आणि तो पुन्हा भरायला माल मिळालेला नाही.

जिलेटिनबद्दल आणखी एक. ते प्रथिनच आहे, पण अपुरं. ट्रिप्टोफॅन नावाचं एक आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतंच. म्हणून सूप कितीही दाट जमलं तरी ते अंड्याची, दुधाची किंवा मटणाच्या तुकड्याची जागा घेत नाही.

मग रस्सा बंद करायचा का? अजिबात नाही. आजाऱ्याची भूक मेलेली असते. गरम, खारट, वासाचा रस्सा तोंडाला पाणी आणतो, घसा ओला करतो, पाणी नि मीठ पोटात जातं. तो जेवणाचं दार उघडतो. दार उघडल्यावर आत जेवण जायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

मावळीदादा, तुमच्याकडे रस उकळतात हे उत्तम. काही जण खोकल्यावर कच्च्या खेकड्याचा रस पाजतात. ते करू नका. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यातून फुफ्फुसात जाणारा एक कृमी आहे. मणिपूरमध्ये त्याचे रुग्ण सापडतात आणि लक्षणं थेट क्षयासारखी दिसतात.

पेठेतला | १२ जुलै, संध्याकाळी ६:०२

ताई, सगळं मान्य, पण माझ्या वडिलांचा गुडघा पाया सुपानेच बरा झाला. डॉक्टरांनी प्लास्टर घातल्यावर सहा आठवडे रोज सकाळी पाया सूप. खूर स्वतः निखाऱ्यावर भाजून, खरवडून आणायचो. हाडाला हाड लागतं, हे आमच्या वाडवडिलांनी बघूनच ठरवलं असणार ना?

मापात_खा | १२ जुलै, संध्याकाळी ६:५०

दादा, सहा आठवडे रोज पहाटे खूर भाजणारा मुलगा ज्या वडिलांना आहे, त्यांना बाकी जेवणही चांगलंच मिळालं असणार, आणि मोडलेलं हाड सांधायलाही साधारण तेवढेच आठवडे लागतात. पाया खाल्ला म्हणून त्यातलं जिलेटिन थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. पोटात त्याचे तुकडे होतात आणि शरीर ते हवे तिथे वापरतं. हाडातलं कॅल्शियमही पाण्यात फारच थोडं उतरतं. त्यासाठी वाटीभर दही किंवा नाचणीची भाकरी कितीतरी वरचढ. पाया आवडतो म्हणून जरूर प्या. फक्त वडिलांना युरिक ॲसिडचा, गाऊटचा त्रास असेल तर जपून, कारण ज्यातून युरिक ॲसिड बनतं ते प्युरिन पाण्यात उतरतं. तिथे नुसता रस्साही बाधतो.

नाईटड्युटी | १२ जुलै, रात्री ११:३८

मी लंडनमध्ये परिचारिका आहे, मूळची मिरजेची. भोगावतीताई, तुम्हाला जे परवा कळलं ते फ्लोरेन्स नाइटिंगेलनी दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये आजाऱ्याला 'बीफ टी' पाजत, म्हणजे गोमांसाचं गाळलेलं पाणी. शक्तीचा अर्क समजून घरोघरी, इस्पितळांत तेच. १८५९च्या त्यांच्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात त्या सांगतात की अर्धा किलोभर मांसाचं असं पाणी करून ते आटवून बघा, दर अर्ध्या पाइंट (साधारण पाव लिटर) पाण्यामागे हाती जेमतेम चमचाभर घन अन्न लागेल. आणि तरीही त्या त्याला टाकाऊ म्हणत नाहीत. त्यात आजाऱ्याला तरतरी आणणारं काहीतरी आहे, हेही त्यांनी नोंदवलं आहे. रात्रपाळीला एखादे आजोबा दिवसभर काही न खाता पडलेले असतात आणि कपभर गरम सूप घेतल्यावर पहिल्यांदा डोळे उघडून बोलतात, तेव्हा मला ते वाक्य आठवतं.

त्याच्याही आधी पॅरिसमध्ये हा वाद मोठ्या प्रमाणावर झाला होता. हाडं उकळून काढलेलं जिलेटिन गरिबांना आणि इस्पितळातल्या रुग्णांना पाजत होते, स्वस्तात पोषण म्हणून. लोकांनी तक्रारी केल्या तेव्हा सरकारी विज्ञान अकादमीनं समिती नेमली. माजांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या समितीनं कुत्र्यांवर प्रयोग करून १८४१ साली अहवाल दिला: नुसत्या जिलेटिनवर कुत्री जगत नाहीत. सूप पिणाऱ्या गरिबांची तक्रार खरी होती.

एक सूचना माझ्याकडून. ज्यांना अर्धांगवायूनंतर गिळताना ठसका लागतो, त्यांना पातळ रस्सा पाजू नका. पाण्यासारखा पदार्थ श्वासनलिकेत जाण्याचा धोका सगळ्यांत जास्त. आधी गिळण्याची तपासणी करून घ्या.

मक्याचं_शेत | १३ जुलै, पहाटे ४:१०

ओमाहाहून लिहितोय. आमच्या गावचं एक काम इथे सांगण्यासारखं आहे. नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या स्टीफन रेनार्ड यांनी बायकोच्या आजीच्या पद्धतीचं कोंबडीचं सूप प्रयोगशाळेत तपासलं आणि २००० साली निष्कर्ष छापले. सर्दीत ज्या पांढऱ्या पेशी धावत येऊन सूज वाढवतात, त्यांची धाव सुपामुळे मंदावते, असं काचेच्या नळीत दिसलं. माणसाच्या नाकात तेच होतं का, हे त्यात नव्हतं. त्याआधी १९७८ साली मायामी बीचच्या एका गटानं गरम पाणी, गार पाणी आणि कोंबडीचं सूप पाजून नाकातला शेंबूड किती वेगानं सरकतो ते मोजलं. गार पाण्यानं मंदावला, गरम पाण्यानं वेग वाढला, सुपानं त्याहून थोडा अधिक. परिणाम अर्ध्या तासात ओसरला.

तेरेखोलच्या आई बरोबर सांगत होत्या.

तुळशीमाळ | १३ जुलै, सकाळी ८:४४

आम्ही माळकरी. घरात मांस-मासे नाहीत. माझे सासरे टायफॉइडमधून उठत आहेत. शेजारीण म्हणते, सूप पाजल्याशिवाय ताकद येणार नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

निर्गुडी | १३ जुलै, सकाळी ९:३०

माउली, मुगाचं कढण. वर संसर्जन क्रमात मांसरसाच्या आधीची पायरी तीच आहे. सालीचे मूग भाजून, चौदा-पंधरापट पाण्यात शिजवून, घोटून, सैंधव, जिरं, सुंठ आणि चमचाभर तूप. शेजारणीचं म्हणणं मनावर घेऊ नका.

मापात_खा | १३ जुलै, सकाळी १०:०५

वैद्यबुवांना अनुमोदन. कढणात मूग घोटून पोटात जातो, गाळून फेकला जात नाही, म्हणून गाळलेल्या मटणाच्या पाण्यापेक्षा ते प्रथिनांत वरचढ ठरू शकतं. फक्त पाणी हळूहळू कमी करत न्या. जोडीला दूध, ताजं पनीर कुस्करून, दही-भात. टायफॉइडनंतर काही दिवस तिखट, तळलेलं आणि फार चोथ्याचं टाळा.

मांडवीतीर | १३ जुलै, दुपारी १:१६

गोव्यात ख्रिस्ती घरांत आजाऱ्याला 'कांज' करतात. कोंबडी आणि तांदूळ एकत्र शिजवून, कोंबडीच्या मांसाचे धागे सोडवून त्यातच. पोर्तुगीज लोक त्याला आपलं सूप मानतात, पण शब्द इथलाच, कांजी. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात तो येतो: पटकीच्या रोग्याला मिरी-जिरं घातलेलं भाताचं पाणी द्यायचे, त्याला इथले लोक 'कांजे' म्हणतात, असं. ओर्ता स्वतः पोर्तुगालचा वैद्य, आणि तो स्थानिक वैद्यांचं पथ्य टिपून ठेवत होता.

भोगावतीबाय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर या कांजीत आहे असं मला वाटतं. पाणी, भात आणि मांस एकाच वाडग्यात. गाळायचा प्रश्नच येत नाही.

भोगावती | २३ जुलै, रात्री ९:५०

दहा दिवसांनी लिहिते आहे.

सगळं वाचून झाल्यावर मी काकूला विचारलं, "आजी आजाऱ्याला नुसतं पाणीच द्यायची का गं?" काकू थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "न्हाई. सासूबाई मटण खलबत्त्यात कुटायच्या की. मामंजींना दात नव्हते, तवा रोज कुटून भातात कालवून द्यायच्या. ते पुढं मिक्सर आला, खलबत्ता माळ्यावर गेला, आन् कुटायचंच राहिलं." आजीनं केलेलं अर्धं आम्ही चालू ठेवलं होतं आणि अर्धं विसरलो होतो.

आता असं करते. खाटकाकडून पाव किलो पुढचं मटण आणि नळीचे दोन तुकडे, कोवळ्या बोकडाचं, चरबी काढून. अळणी नेहमीसारखंच, फक्त कुकरमध्ये, एका शिट्टीनंतर मंद आचेवर पंचवीस मिनिटं. मऊ बोटी निवडून, हाडं चाचपून बाजूला काढून, मिक्सरच्या छोट्या भांड्यात थोड्या रश्श्याबरोबर फिरवते. पार गंध करत नाही, रवाळ ठेवते; गंध केलेलं आईला "गिळगिळीत" लागतं. ते गिचक्या भातात कालवून वर चमचाभर तूप, आणि अर्धी वाटी रस्सा वेगळा, आधी प्यायला. सकाळी दोन अंडी, संध्याकाळी दूध. तिचं ब्लडप्रेशर आहे म्हणून मीठ निम्म्यावर आणलं. लिंबू पिळलं की तिला कळत नाही. मूत्रपिंडाच्या तपासण्या आधी डॉक्टरांना दाखवून घेतल्या.

पहिले दोन दिवस चारच घास गेले. तिसऱ्या दिवशी अर्धं ताट. काल वजन अठ्ठेचाळीस पूर्णांक एक भरलं. फिजिओथेरपीवाली म्हणाली, आज खुर्चीतून हात न टेकता दोनदा उठल्या. आणि दुपारी मी पातेल्यातून वाढत होते तर आई मान उंचावून बघत म्हणाली, "नळी कुणाला घातलीस?" तिच्या ताटात घातली. दहा मिनिटं ताटलीवर आपटून आपटून तिनं गूद काढलं. आवाज शेजारच्या घरात गेला असेल.

कढीलिंब | २३ जुलै, रात्री १०:०८

वाचून डोळे भरून आले ताई. एक विचारू? मी नोकरी करते. सासूबाईंसाठी असं दोन-तीन दिवसांचं एकदम करून ठेवलं तर चालेल का?

मापात_खा | २३ जुलै, रात्री १०:३१

चालेल, पण पातेलं ओट्यावर रात्रभर ठेवू नका. कोमट रश्श्यात जंतू झपाट्यानं वाढतात आणि त्यातल्या काहींचं विष नंतर उकळूनही जात नाही. उथळ भांड्यांत वाटून लवकर गार करा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दोन दिवसांत संपवा. वर जमलेली चरबीची पांढरी पापडी काढून टाका. तेवढी वाटी काढून घेऊन खळखळून उकळायची, बाकीचं पुन्हा पुन्हा गरम करायचं नाही. बोटी रश्श्यातच बुडवून ठेवा, म्हणजे सुकत नाहीत.